जपारची डिस्क आणि कालिकचा घोडा

कबरीवरच्या दगडाला चेहरा लागतो. काराकोल गावात याबद्दल कुणी वाद घालत नाही. माणूस गेला की वर्षाच्या आत त्याच्या उशाशी काळा, आरशासारखा घासलेला दगड उभा राहतो आणि त्यावर फोटोवरून त्याचा चेहरा कोरतात. मग वर्षाचा आश घालायचा, म्हणजे गेलेल्याच्या नावानं सगळ्या गोतावळ्याला जेवू घालायचं, की मागे राहिलेली माणसं रीतीतून मोकळी. मेरिमनं आशासाठी मांस सांगून ठेवलं होतं, टेबलं-बाकं शेजाऱ्यांकडून मिळणार होती, दगडही येऊन पडला होता. राहिला होता फक्त चेहरा, आणि तोच कुठे सापडत नव्हता.

तिचे वडील जपार गावातले लग्नाचे कॅमेरावाले. काराकोलमध्ये ज्यांची म्हणून लग्नं झाली ते सगळे जपारच्या कॅमेऱ्यासमोर लाजले होते, रडले होते, नाचले होते आणि काही जण नाचता नाचता पडलेही होते. पण कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळं घर उलथंपालथं केल्यावर मेरिमच्या हाती लागला तो पासपोर्टचा फोटो. तो घेऊन ती दगड कोरणाऱ्या मुरात-उस्ताकडे गेली. उस्तानं तो चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"पोरी, हा कोरला तर लोकांना वाटेल ह्याला मीच मारलं, आणि मरताना हा माझ्याकडेच बघत होता."

"पासपोर्टात सगळेच असे दिसतात, उस्ता."

"दिसू देत की. पासपोर्ट बदलता येतो, दगड नाही बदलत. चांगला फोटो आण. रविवारी आश ना तुझा? मग शुक्रवारी सकाळी माझ्या हातात पाहिजे. आणि दोन्ही कान दिसू देत. एकच कान असला की नातेवाईक दुसऱ्याची चौकशी करत बसतात."

मेरिम गावच्या ग्रंथालयात होती. जगातल्या प्रत्येक अडचणीचं उत्तर कुठे ना कुठे लिहून ठेवलेलं असतं, फक्त नीट शोधावं लागतं, असं तिचं मत होतं. इतक्या लग्नांत एखाद्या आरशात, एखाद्या खिडकीच्या काचेत, निदान एखाद्या टेबलाच्या कडेला बाबा सापडतीलच, असा हिशेब करून तिनं त्यांचा जुना संगणक चालू केला. सगळी लग्नं त्याच्या पोटातल्या एका डिस्कवर होती.

डिस्क उघडली. आत बाबांची व्यवस्था होती. एका खणाचं नाव 'लग्नं', दुसऱ्याचं 'लग्नं नवीन', तिसऱ्याचं 'लग्नं नवीन, खरं' आणि चौथ्याचं 'हेच'. ग्रंथपालाला असलं काही पाहवत नाही. फोटो शोधण्याआधी निदान नावं तरी नीट करावीत म्हणून तिनं पहिलं नाव बदलायला घेतलं, तर संगणकानं तिला कळवलं की या डिस्कवर काहीही लिहिता येणार नाही. पुसता येणार नाही, हलवता येणार नाही. फक्त वाचता येईल.

ग्रंथालयात 'पुस्तकात लिहू नये' ही पाटी मेरिमनं स्वतःच्या हातानं रंगवली होती. एका निवृत्त कर्नलला तिनं सगळ्यांदेखत खोडरबर देऊन त्याच्या पेन्सिलच्या रेघा पुसायला बसवलं होतं. आता तेच वाक्य तिच्यावर उलटलं होतं. आपलाही आवाज इतका कोरडा लागतो का, असा एक प्रश्न तिला पडला, पण तो तिनं बाजूला सारला.

तेवढ्यात समोरच्या दारातल्या शारापात-एजे, म्हणजे शारापातताई, आत आल्या. दार वाजवणं त्यांना परकेपणाचं वाटत असे.

"काय म्हणतोय तो डबा?"

"वाचा म्हणतोय, एजे. हात लावू नका म्हणतोय. आत काही लिहिता येत नाही, काही बदलता येत नाही."

"वाचता येतंय ना? मग तोंड कशाला पाडलंस? माझा नवरा तीस वर्षं असाच आहे. सगळा वाचून पाठ झालाय, बदल एक करता आला नाही."

तरीही एजेंनी घरी जाऊन आर्चा या डोंगरी झाडाची सुकी डहाळी आणली, पेटवली आणि संगणकाभोवती तिचा धूर फिरवला. नजर लागलेल्या वासराला हा धूर हमखास लागू पडतो. संगणकाला ठसका लागला नाही, पण मेरिमला लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त भौतिकशास्त्राचे मास्तर धुराचा वास घेत खाली आले आणि हे अडाणीपणाचं आहे असं म्हणाले. त्यांच्या मते डिस्क थंड करायला हवी होती. त्यांच्या मेव्हण्यानं त्याची डिस्क रात्रभर बर्फाच्या कप्प्यात, घोड्याच्या मांसाशेजारी ठेवली होती.

"मग झाली बरी?"

"डिस्क नाही झाली. पण मांस फार दिवस टिकलं त्या वर्षी."

मेरिमनं मग आपल्या पद्धतीनं वाचून काढलं. एका जाणकारानं लिहिलं होतं की दुरुस्तीचा अमुक हुकूम लगेच द्यावा, आणि दुसऱ्या जाणकारानं लिहिलं होतं की तो हुकूम देणाऱ्याला आयुष्यभर पश्चात्ताप होतो. तिनं दोघांचा मान राखला: हुकूम दिला आणि लगेच पश्चात्ताप केला. डिस्क आणखीच रुसली, आता उघडायलाही वेळ घेऊ लागली.

शेवटी तिनं संगणक दुलईत गुंडाळला, शेजारच्या मुलांच्या घसरगाडीवर दोरीनं बांधला आणि मार्चच्या चिखल-बर्फातून ओढत बाजारात रिनातच्या दुकानात नेला. वाटेत तीन ओळखीच्यांनी आजारी कोण आहे म्हणून विचारलं.

रिनातला वाईट बातमी देताना भूक लागत असे. त्यानं कागदातून सामसा, म्हणजे मांस भरलेला समोसा, सोडवला आणि एक घास घेतला. मेरिमला धडकी भरली.

"फॉरमॅट करू," तो म्हणाला. "एकदम कोरी होईल. लिहा काय लिहायचं ते."

"आत माझ्या बाबांची सगळी लग्नं आहेत."

"सगळी? किती केली त्यांनी?"

मेरिमनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं दुसरा घास न घेता खुर्ची पुढे ओढली. मग त्यानं बराच वेळ खुडबुड केली आणि सांगितलं की डिस्क म्हातारी झालीय. आता लिहायला गेलो तर चुका होतील हे ओळखून तिनं आपणहूनच हात आखडता घेतलाय. असं करणाऱ्या डिस्का थोड्या, माणसं तर नाहीतच. आता नव्या डिस्कवर सगळं उतरवून घ्यायचं, बस. तिला सुधारायला जायचं नाही.

"आणि एक. एकदा चालू केली की मधे बंद करू नका. अशी डिस्क एकदा झोपली की उठेलच असं नाही. इथवर घसरगाडीवरून आणलीत आणि तरी उठली, ही तिची माया."

नवी डिस्क घेऊन मेरिम घरी आली. तिनं सगळं जोडलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. डिस्क उठली. उतरवणं सुरू झालं. उरलेला वेळ म्हणून संगणक कधी एक तास दाखवी, कधी पुढचा हिवाळा.

लग्नं जसजशी नव्या डिस्कवर येत होती, तसतशी ती आपल्या लहान संगणकावर पाहू लागली. आरसे पाहिले, काचा पाहिल्या, समोवारांची पोटं पाहिली. बाबा कुठेच नव्हते. होता फक्त त्यांचा आवाज, आणि तोही एकच वाक्य बोलणारा. "जरा डावीकडे सरा." नवरीला, नवऱ्याला, आजोबांना, एकदा तर रस्त्यात आलेल्या गायीलाही. आयुष्यभरात एकही माणूस बाबांना हव्या त्या जागी उभा राहिला नव्हता, आणि तरी त्या आवाजात कधी वैताग नव्हता. असं एखादं वाक्य आलं की मेरिम चित्र थांबवायची, चहा ओतायची आणि मगच पुढे जायची.

जपारची डिस्क उघडली ही बातमी तोवर गावात पोचली. बेकरीतली बाई गरम पाव घेऊन आली. तिचं पहिलं लग्न त्यात असेल, तेवढं काढून टाकायचं होतं.

"दुसऱ्याला माहीत नाही का पहिल्याचं?" मेरिमनं विचारलं.

"माहीत आहे गं. पण पहिल्या लग्नात मी किती बारीक होते ते माहीत नाही."

"पुसता येत नाही, ताई. डिस्कच पुसू देत नाही."

"तुला येत नाही की तिला चालत नाही?"

"तिला चालत नाही."

बाईनं पाव परत नेला नाही, पण ठेवताना जरा आपटला. तिच्यामागून, एका लग्नात नाचता नाचता पुलावाच्या कढईत बसलेला एक गृहस्थ आला. तो आता शाळेचा मुख्याध्यापक होता. असे बरेच आले. नव्या डिस्कवरून पुसता येईल हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मेरिमनं आणून दिलं नाही. पुस्तकाचं पान फाडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

सगळ्यात शेवटी आले कालिक-बाइके. बाइके म्हणजे दादा; हे मेरिमच्या इमारतीचे अध्यक्ष, आणि बाबांचे बुद्धिबळातले जुने वैरी. दारातच उभं राहून त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या गुलझातचं लग्नही असेल का गं त्यात?"

"असणारच, बाइके. बाबांनीच तर केलं होतं. 'हेच' नावाच्या खणात."

"हं," असं म्हणून बाइके निघून गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या दारावर सूचना लागली. गुरुवारी मुख्य स्विच बदलायचा असल्यानं इमारतीची वीज दिवसभर बंद राहील. हा स्विच बदला म्हणून लोक कैक वर्षं ओरडत होते. त्यातून ठिणग्या उडत तेव्हाही बाइके शांत असत.

"घोडा," शारापात-एजे सूचना वाचून म्हणाल्या.

"कसला घोडा?"

"तुला नाही ठाऊक? पोरीच्या लग्नात ह्यानं पेला उचलला आणि सगळ्यांसमोर जावयाला घोडा कबूल केला. साधासुधा नाही, त्याचा तो संथ चालीचा तपकिरी. सकाळी शुद्धीवर आल्यावर म्हणतो, मी घोडा देतो असं म्हणालोच नाही, घोड्यासारखा निरोगी राहा असा आशीर्वाद दिला. तिलेक गरीब बिचारा, सासऱ्याला खोटं कसं पाडणार? पण तुझ्या बाबांच्या कॅमेऱ्यानं तो पेला धरला असणार की नाही?"

मेरिम बाइकेंकडे गेली. त्यांनी तिला टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसवलं, म्हणजे हे घर नसून कार्यालय आहे हे तिच्या ध्यानात यावं.

"वीज चालू ठेवायची तर अर्ज लागेल. कारण काय लिहू? घरात तान्हं मूल?"

"नाही."

"अंथरुणाला खिळलेलं कुणी?"

"बाबांची डिस्क आहे."

"डिस्क यात बसत नाही. घरात मयत?"

"आहे," ती म्हणाली.

"ते गेल्या वर्षीचं," बाइके म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना ते टोचलं असावं, कारण त्यांनी लगेच टोपी काढून पुन्हा घातली. पण सूचना काही काढली नाही.

मेरिम घरी येऊन ताठ बसली. घसरगाडी ओढली, धूर गिळला, पण बाबांचं मरण जुनं झालं म्हणून अर्जात चालत नाही, हे ऐकणं तिच्या वाचनात कुठे आलं नव्हतं. शारापात-एजेंनी तिच्याकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि त्या जिना उतरल्या. पुढचं सगळं जिन्यात ऐकू आलं.

"कालिक, गुरुवारी मी जपारसाठी पिठाचे बोरसोक तळणारेय. रविवारी आश आहे. आश असलेल्या आठवड्यात गुरुवारचं तेल तापलं नाही, असं कुणाच्या घरी झालंय?"

"गॅसवर तळा ना."

"सिलिंडर आशाला ठेवलाय. विजेच्या शेगडीवर तळणार. तू वीज तोड. तेलाचा वास गेला नाही तर जपार वर उपाशी बसेल. त्याला कुणी विचारलं, बाबा का रे उपाशी, तर कुणाचं नाव सांगेल तो?"

मेलेल्या माणसाला तळणाचा वास पोचतो, आणि तेवढंच पोचतं, हे बाइकेंनाही माहीत होतं. त्यांची आई दर गुरुवारी तळायची. सूचना संध्याकाळी निघाली. अर्जानं झालं नव्हतं ते बोरसोकनं झालं.

गुरुवारी एजे पिठाची परात घेऊन मेरिमच्या स्वयंपाकघरात हजर झाल्या.

"एजे, तुमच्याकडे तळलं तर? इथे संगणक चालू आहे."

"वास त्याच्या घरातून निघायला हवा. माझ्या घरातून निघाला तर माझ्या सासूला पोचेल. तिच्यासाठी मी तेल जाळणार नाही."

थोड्या वेळानं कालिक-बाइकेही आले. विजेवर देखरेख ठेवायला, असं म्हणाले. ते संगणकाशेजारी बसले. पडद्यावर 'हेच' खण उतरत होता आणि त्यात आता गुलझातच्या लग्नाची पाळी होती. हिरवी रेघ मुंगीसारखी सरकत होती.

"अडकलंय वाटतं," बाइके आशेनं म्हणाले.

"नाही, चाललंय."

"फार तापलाय हा डबा. बंद करून जरा गार होऊ द्यावा."

"नको, बाइके."

त्यांचा पाय वायरीपासून फार लांब नव्हता. एजेंनी स्वयंपाकघरातून ते पाहिलं आणि गरमागरम बोरसोकची थाळी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. थाळी इतकी तापलेली होती की हलायची सोय राहिली नाही. बाइके खात राहिले आणि रेघ सरकत राहिली. गुलझातचं लग्न उतरलं. त्यापुढची, अगदी शेवटची लग्नं सुरू झाली.

"झालं की," एजे म्हणाल्या. "आता चहा ठेवते." आणि त्यांनी पेटलेल्या शेगडीशेजारी विजेची किटली लावली.

टक् असा आवाज झाला. पडदा काळा झाला. शेगडी निवली, फ्रीज थांबला, आणि घरात फक्त कढईतलं तेल जरा वेळ चुरचुरत राहिलं.

"मी नाही," बाइके म्हणाले.

"मी," एजे म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका लहान झालेला कुणी ऐकला नव्हता. "मीच गं. मला मेलीला चहा कशाला हवा होता."

बाइकेंनी जिन्यात जाऊन फ्यूज घातला. वीज आली, संगणक उठला, नवी डिस्क उठली. बाबांची उठली नाही. मेरिमनं पुन्हा प्रयत्न केला, थांबून पुन्हा केला. मग तिनं एक बोरसोक उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत थाळीत ठेवला.

"असू दे, एजे. वाईट वाटून घेऊ नका. शेवटची थोडीच राहिली, आणि ती ज्यांची त्यांच्याकडे असतील." तिनं थाळी सरळ केली. "तसंही त्यात बाबा नव्हतेच. आधी उतरलं ते सगळं बघितलं मी. नुसता आवाज आहे. दगडावर पासपोर्टच कोरू या."

कालिक-बाइकेंनी हातावरची साखर झटकली, टोपी काढली, आत पाहिलं, घातली.

"आहे," ते म्हणाले.

"काय?"

"जपार. गुलझातच्या लग्नात. तो पेला उचलला ना मी, तेव्हा मला वाटलं, हा बाबा आयुष्यभर काळ्या डब्यामागे लपलाय, आज ह्यालाही साक्षीला उभा करू. म्हणून त्याच्या हातातून कॅमेरा ओढला." ते खिडकीबाहेर पाहत होते. "लाव. पण त्याच्या आधीचा भाग ऐकू नका."

आधीचा भाग त्यांनी ऐकला. घोडा ज्या आवाजात कबूल झाला होता तो आवाज शेजारच्या गल्लीतही गेला असता. रंग, चाल, खोगीरसुद्धा कबूल झालं होतं. मग चित्र हेलकावलं, छत दिसलं, कुणाचे तरी बूट दिसले आणि बाबा दिसले. उलटे. बाइकेंनी कॅमेरा उलटा धरला होता. मेरिमनं लहान संगणकच उचलून उलटा केला. बाबा हसत होते, अगदी डोळे बारीक होईपर्यंत, आणि कॅमेरा परत मागायला एक हात पुढे केला होता. "अरे कालिक, उलटा धरलायस. दे इकडे." एवढंच. मग पुन्हा बूट.

"पुन्हा लाव," एजे म्हणाल्या, आणि नाक पुसून म्हणाल्या, "घोड्यापासून."

शुक्रवारी मुरात-उस्तानं फोटो चष्मा लावून पाहिला.

"हसतोय हा."

"हो, उस्ता."

"दगडावर कुणी हसत नाही. आणि हात आडवा आलाय. एक कान नाही."

"कान होता. लोकांना सांगेन मी."

उस्तानं आणखी एकदा पाहिलं. या खेपेला चष्मा काढून. "कानाचं विचारायला आले तर तुझ्याकडेच पाठवीन," असं म्हणून त्यानं छिन्नी घेतली.

रविवारी जेवणाआधी सगळे दगडाशी जमले. बर्फ वितळून जमीन मऊ झाली होती आणि मागे डोंगर लखलखत होते. लोक दगडाकडे बघत आणि नकळत हसत, मग आपण कुठे आहोत हे आठवून तोंड गंभीर करत. असा चेहरा त्या कबरस्तानात दुसरा नव्हता. जो तो विचारू लागला की हा फोटो मिळाला कुठे.

बाइकेंनी बराच वेळ दम धरला. मेरिमनं आणि एजेंनी शब्द दिला होता, घोड्याबद्दल त्या एक अक्षर बोलणार नव्हत्या. पण मुख्याध्यापक म्हणाले की हे कुण्या मोठ्या कलावंताचं काम दिसतंय, आणि बाइकेंच्यानं राहवलं नाही.

"मी काढलाय," ते म्हणाले.

जावई तिलेक मागेच उभा होता. तो शांत माणूस होता आणि सासऱ्याशी नेहमी अदबीनं बोलत असे.

"फार छान आलाय, अता," तो म्हणाला. "कुठल्या प्रसंगाचा हा?"

बाइके डोंगराकडे पाहू लागले. डोंगर बराच मोठा होता, पाहायला वेळ लागला. शारापात-एजेंना अचानक खोकला आला, तो वाढत गेला, आणि त्यांना दोन बायकांनी धरून टेबलांकडे नेलं. "उद्या येऊन जा घरी," बाइके शेवटी डोंगरालाच म्हणाले. "खोगीर तुझं तू बघ." त्यांच्यामागोमाग सगळेच जेवायला वळले.

मेरिम जरा मागे राहिली. ऊन समोरून येत होतं, आणि घासलेल्या काळ्या दगडात तिला बाबांच्या जागी तिचाच चेहरा दिसत होता, रुमाल बांधलेला, थकलेला. बाबांचा पुढे केलेला हात तेवढा त्यातून दिसत होता. तो काय सांगतोय हे तिला कळायला एक क्षण लागला.

ती जरा डावीकडे सरली.